स्वल्पविरामाचा अधिकार

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या आज्ञेवरून विद्वानांच्या सहा मंडळ्यांनी सिद्ध केलेले बायबलचे इंग्रजी भाषांतर १६११ साली छापून बाहेर पडले, तेव्हा लूककृत शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायातील बत्तिसाव्या वचनात एक मोठा अनर्थ अगदी निरागसपणे येऊन बसला होता. येशूला वधस्थानी नेत असताना त्याच्याबरोबर आणखी दोघांना नेण्यात आले आणि ते दोघे अपराधी होते, एवढीच हकीकत त्या वचनाला सांगावयाची आहे. परंतु ‘आणखी दोन’ आणि ‘अपराधी’ या अर्थाचे इंग्रजी शब्द त्या पहिल्या मुद्रितात एकमेकांना खेटून, मध्ये कसलेही चिन्ह न घेता उभे होते. आणि अशा रचनेचा इंग्रजीत सरळ अर्थ असा होतो की, ज्याच्याबरोबर आणखी दोन अपराधी नेले तो स्वतःही एक अपराधीच. मूळ ग्रीक शब्दांतही ही अडचण आहे, आणि काही प्राचीन नकलकारांनी शब्दांचा क्रम फिरवून ती चुकविण्याचा यत्न केलेला हस्तलिखितांत दिसतो. इंग्रजी आवृत्तीच्या पुढील संशोधकांनी शब्दांना हात लावला नाही. त्यांनी ‘अपराधी’ या शब्दाच्या अलीकडे एक व पलीकडे एक असे दोन स्वल्पविराम घालून तो शब्द शेजाऱ्यांपासून विलग केला, आणि मजकुरातील एक अक्षरही न बदलता ख्रिस्ती धर्माच्या आराध्य पुरुषाची गुन्हेगारांच्या यादीतून सुटका केली. ती करणाऱ्याचे नाव त्या पानावर कोठेही नाही.

इंग्रजी लेखनाच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात हा नियम सापडेल: एखाद्या नामाची ओळख करून देणारा शब्द जादा म्हणून आला असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंस स्वल्पविराम द्यावा. शाळेतील मुले तो पाठ करतात, परीक्षेत त्याचे दोन गुण मिळवितात आणि पुढे विसरून जातात. पण या नियमाचा अंमल जेव्हा धर्मग्रंथावर बसतो, तेव्हा त्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो शाळेत सुटण्यासारखा नाही. लूकने जे लिहिले त्यात स्वल्पविराम नव्हता. त्या काळच्या ग्रीक लेखनात शब्दाशब्दांमध्ये मोकळी जागादेखील सोडीत नसत. मग मुद्रितात दिसणारे हे चिन्ह कोणाचे? ते ग्रंथाचा भाग आहे की ग्रंथावरील भाष्य? आणि भाष्य असेल, तर ते मूळ वचनाच्या पोटात शिरून, मूळ वचनाचाच पोशाख घालून, मूळ वचनाच्याच प्रामाण्याने आपल्याशी बोलते, हे कोणत्या अधिकाराने? माझे मत मी येथेच सांगून टाकतो. विरामचिन्ह हे भाष्यच होय. ते टाळता येत नाही, म्हणूनच ते कोणी केले हे वाचकाला कळले पाहिजे.

हा प्रश्न आपल्याकडील विचाराला परका नाही. ऋग्वेदातील ऋचा छंदोबद्ध असल्यामुळे तिचा शेवट वृत्तावरूनच कळतो. यजुर्वेदातील मंत्र गद्य असल्यामुळे एक मंत्र कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हा यज्ञकर्मातील व्यावहारिक पेच होता. तो सोडविण्यासाठी जैमिनीने वाक्याचे जे लक्षण केले, ते आजही पूर्णविरामाचे सर्वोत्तम लक्षण म्हणून चालण्याजोगे आहे: ज्या पदसमूहाचे प्रयोजन एक, आणि ज्यातील पदे वेगळी केली असता परस्परांची अपेक्षा धरतात, ते एक वाक्य. या अपेक्षेच्या, म्हणजेच आकांक्षेच्या, मापाने पाहिले, तर इंग्रजीतील चार मुख्य विरामांची व्यवस्था मला तिच्या स्वतःच्या व्याकरणकारांनी सांगितली त्यापेक्षा अधिक स्वच्छ दिसते. जेथे आकांक्षा पुरी शमली तेथे पूर्णविराम. जेथे व्याकरणाची आकांक्षा शमली पण विचाराची शमली नाही, म्हणजे वाक्य स्वतःच्या पायावर उभे आहे तरी शेजारच्या वाक्याचा हात सोडावयास तयार नाही, तेथे अर्धविराम. जेथे लेखक आकांक्षा मुद्दाम जागी करतो आणि लगेच पुरवितो, तेथे अपूर्णविराम. आणि जेथे आकांक्षा चालूच आहे, पण कोणते पद कोणाचे हे दाखविल्याशिवाय ती भलत्याच पदावर जाऊन बसण्याचे भय आहे, तेथे स्वल्पविराम. म्हणूनच या चौघांत सर्वांत लहान असणारा स्वल्पविराम हाच सर्वांत जास्त तंट्याचा. कारण इतर तिघे विचाराची लांबी मोजतात, आणि हा नाती ठरवितो.

इतिहासात मात्र या चिन्हांचा जन्म नात्यांतून झालेला नाही. अलेक्झांड्रियाच्या प्रख्यात ग्रंथालयाचा प्रमुख, बायझँटियमचा अॅरिस्टोफनीस याने ख्रिस्तपूर्व २०० च्या सुमारास ओळीच्या तळाशी, मध्यावर आणि माथ्यावर अशा तीन उंचींची टिंबे योजिली, ती मोठ्याने वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. कॉमा, कोलन, पीरियड ही नावे त्या काळी चिन्हांची नव्हतीच. ती भाषणाच्या लहानमोठ्या खंडांची नावे होती. चौथ्या शतकाच्या अखेरीस बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने हीच कल्पना निराळ्या रीतीने वापरली. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो सांगतो की, डेमॉस्थेनीस व सिसेरो यांची भाषणे ज्या पद्धतीने खंडाखंडांनी ओळी तोडून लिहितात, तीच पद्धत आपण वाचकांच्या हितासाठी येथे स्वीकारली आहे. ओळी तुटलेल्या पाहून हे पद्य आहे असे कोणी समजू नये. सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडच्या मठांतील भिक्षूंनी शब्दांमध्ये अंतर सोडण्यास आरंभ केला. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती. कानाने जो शब्द आपोआप सुटा होत नव्हता तो त्यांना डोळ्यांनी सुटा करावा लागला. परभाषेत प्रार्थना करणाऱ्या माणसांच्या गरजेतून साऱ्या युरोपच्या लेखनपद्धतीला आजचे रूप आले, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते.

श्वासाची ही सत्ता इंग्रजीत फार उशिरापर्यंत टिकली. १६६२ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकाच्या नामपृष्ठावर, त्यातील स्तोत्रे मंदिरांत जशी गावयाची वा म्हणावयाची तशी चिन्हांकित केली आहेत, असे स्पष्ट नमूद आहे. तेथे चरणाच्या मध्यावर येणारा अपूर्णविराम व्याकरणाशी काही संबंध ठेवीत नाही, समुदायाने एकदम थांबून एकदम पुढे जावे यासाठी तो आहे. १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी व्याकरणात लिंडले मरे याने तर हिशेबच मांडला: स्वल्पविरामाच्या दुप्पट अर्धविराम, त्याच्या दुप्पट अपूर्णविराम, त्याच्याही दुप्पट पूर्णविराम. हा मरे अमेरिकेत जन्मलेला, यॉर्कजवळ येऊन राहिलेला, आणि पंथाने क्वेकर. ज्या पंथाची उपासना म्हणजे एकत्र बसून मौन धरणे, त्या पंथाच्या माणसाने शांततेला एक, दोन, चार, आठ असे भाव लावून द्यावेत, यातील गंमत त्याच्या अनुयायांच्या लक्षात आली होती की नाही, कोण जाणे. पुढे मुद्रित पुस्तक एकांतात, मनातल्या मनात वाचण्याची रीत सार्वत्रिक झाली, तसा श्वास मागे पडला आणि व्याकरण पुढे आले. आज इंग्रजी शिकविणारा शिक्षक, ‘जेथे थांबावेसे वाटेल तेथे स्वल्पविराम द्या’ असे सांगतो, तेव्हा तो जुन्या राजवटीतील चलन नव्या बाजारात खपवू पाहत असतो.

परंतु थांबण्याची जागा म्हणजे केवळ श्वासाची सोय नसून तीत सिद्धान्त दडलेला असतो, हे ऑगस्टीनने पंधरा-सोळा शतकांपूर्वीच ओळखले होते. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील या बिशपाने ख्रिस्ती शिकवणुकीवर लिहिलेल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात विरामांच्या संदिग्धतेचा स्वतंत्र विचार केला आहे, आणि त्याने घेतलेले पहिलेच उदाहरण योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीचे आहे. शब्द देवापाशी होता आणि शब्द देव होता, असे जे तेथे सांगितले आहे, त्यातील विराम काही पाखंडी मंडळी एका पदाने अलीकडे ओढीत. मग ‘देव होता’ एवढेच वाक्य होऊन ते संपे, आणि ‘शब्द’ पुढच्या वाक्यात ढकलला जाई. परिणाम असा की, ‘शब्द’ म्हणजे येशू हाच देव, हे मान्य करण्याची पाळी येत नसे. वादाचा सारा निकाल एका टिंबाच्या स्थलांतराने लागावा, यावरून ते टिंब केवढे वजनदार होते याची कल्पना येईल.

यावर ऑगस्टीनने जो उपाय सांगितला तो तीन पायऱ्यांचा आहे. विराम कोठे द्यावा याविषयी शंका आली, तर प्रथम श्रद्धेच्या नियमाला विचारावे, म्हणजे ग्रंथातील निःसंदिग्ध वचनांवरून आणि धर्मसभेच्या परंपरेवरून जे सिद्ध झाले आहे त्याला. दोन्ही प्रकारचे वाचन त्या नियमात बसत असेल, तर मागचापुढचा संदर्भ पाहावा. आणि संदर्भही निर्णय देत नसेल, तर वाचकाने आपल्या इच्छेप्रमाणे विराम द्यावा. आपल्या नैयायिकांनी हे ऐकले असते तर पहिल्याच पायरीवर अन्योन्याश्रय दोष दाखविला असता: श्रद्धा ग्रंथावरून ठरवावयाची आणि ग्रंथ श्रद्धेवरून वाचावयाचा, मग प्रमाण कोणते आणि प्रमेय कोणते? आक्षेप खरा आहे, पण पुरता नाही. कारण ऑगस्टीन संदिग्ध वचनाला निःसंदिग्ध वचनाकडे पाठवितो, आणि हे तर उपक्रम-उपसंहारादी लिंगांनी तात्पर्य ठरविणारे आपले मीमांसकही करीत आले आहेत. मला त्याच्या नियमातील पहिल्या पायरीपेक्षा शेवटची अधिक मोलाची वाटते. एवढा कर्मठ धर्माधिकारी, ज्याने पाखंडाविरुद्ध आयुष्य वेचले, तो येथे स्वच्छ कबूल करतो की, काही ठिकाणी विराम देणे हे वाचकाच्या इच्छेवर सोपविलेले आहे. देवाच्या वचनात माणसाच्या मर्जीला एवढी जागा देणे हे धाडसाचे काम होते.

विराम हलला की माणसेही हलतात. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात एक वाणी पुकारते आणि परमेश्वराचा मार्ग सिद्ध करावयास सांगते. ‘अरण्यात’ हा शब्द या दोहोंच्या मध्ये आला आहे. वाणी अरण्यात पुकारते, की मार्ग अरण्यात सिद्ध करावयाचा आहे? शुभवर्तमानकारांनी पहिला अर्थ घेतला, कारण त्यांच्यासमोर अरण्यात उपदेश करणारा बाप्तिस्मा देणारा योहान होता. हिब्रू संहितेला स्वरचिन्हे देणाऱ्या मासोरा परंपरेच्या पंडितांनी विराम ‘पुकारते’ या अर्थाच्या शब्दानंतर ठेवला, म्हणून त्यांच्या मते अरण्यात जावयाचे ते मार्ग करणाऱ्यांनी. आणि मृत समुद्राच्या काठी कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांपैकी जी तेथील समाजाची नियमावली म्हणून ओळखली जाते, तीत हेच वचन आधाराला घेऊन सांगितले आहे की, दुर्जनांच्या वस्तीतून वेगळे होऊन अरण्यात जावे आणि धर्मशास्त्राच्या अध्ययनाने तो मार्ग सिद्ध करावा. ज्या वाचनावर ही माणसे उजाड मुलखात जाऊन राहिली, त्या वाचनाला त्यांच्या हस्तलिखितात चिन्ह नव्हते. विराम त्यांच्या जगण्यात होता. इंग्रजीत १६११ चे भाषांतर शुभवर्तमानकारांच्या बाजूने उभे राहिले, आणि १९५२ च्या सुधारित प्रमाण आवृत्तीने अपूर्णविराम ‘पुकारते’ च्या नंतर ठेवून हिब्रू परंपरेचा कौल घेतला.

अवतरणचिन्हांची कथा याहून चमत्कारिक आहे. १६११ च्या भाषांतरात ती मुळीच नाहीत. कोण बोलतो ते शब्दांवरूनच ओळखावयाचे. विसाव्या शतकातील संपादकांनी इंग्रजी लेखनाच्या प्रचलित रीतीप्रमाणे ती घालावयास घेतली, आणि योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येऊन ते अडले. तेथे येशू निकदेमाशी बोलत आहे. बोलणे सुरू कोठे झाले हे स्पष्ट आहे, पण ते संपले कोठे? सुधारित प्रमाण आवृत्तीने ते पंधराव्या वचनाशी संपविले. तिच्याच १९८९ च्या नव्या आवृत्तीने ते एकविसाव्या वचनापर्यंत नेले. या दोहोंच्या मध्ये सोळावे वचन आहे, आणि देवाने जगावर एवढी प्रीती केली की आपला एकुलता एक पुत्र दिला, हा ख्रिस्ती जगातील बहुधा सर्वांत अधिक पाठ असलेला आशय त्यातच आहे. ते वाक्य येशूच्या मुखातले की त्याच्याविषयी लिहिणाऱ्याचे, हे दोन उलट्या स्वल्पविरामांनी ठरवावे, असा प्रसंग संपादकांवर आला. दोन्ही आवृत्त्या सारख्याच विद्वानांनी केलेल्या आहेत. भाविक मात्र ज्या आवृत्तीतून वाचतो तिच्यापुरता त्याला संशयच येत नाही.

लूकच्या त्याच तेविसाव्या अध्यायात, वधस्तंभावरील अपराध्याला येशूने दिलेल्या आश्वासनात ‘आज’ हा शब्द ‘मी सांगतो’ याला जोडावयाचा की ‘तू सुखलोकात असशील’ याला, हा वादही प्रसिद्ध आहे. यहोवाचे साक्षीदार या पंथाने १९५० च्या आपल्या भाषांतरात स्वल्पविराम ‘आज’ नंतर दिला, कारण मृत्यूनंतर आत्मा जागा राहत नाही, असे त्यांचे मत. बहुसंख्य भाषांतरे तो ‘आज’ च्या आधी देतात. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि मी त्यात भर घालीत नाही.

मला अधिक वेळ थांबावयाचे आहे ते पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रापाशी. पौलाच्या उपलब्ध पत्रांत हे बहुधा सर्वांत जुने, इसवी सन ५० च्या आसपासचे. दुसऱ्या अध्यायात तो तेथील नव्या ख्रिस्ती मंडळीचे सांत्वन करतो: तुम्हांला तुमच्या देशबांधवांकडून जो छळ सोसावा लागला, तसाच यहुदा प्रांतातील मंडळ्यांना यहुद्यांकडून सोसावा लागला. येथे चौदावे वचन संपते. पंधरावे वचन त्या यहुद्यांचे वर्णन करू लागते: येशूला आणि संदेष्ट्यांना जिवे मारणारे ते. या दोन वचनांच्या सांध्यात, ‘यहुदी’ या शब्दानंतर, बहुतेक इंग्रजी आवृत्त्यांत एक स्वल्पविराम दिसतो.

इंग्रजी विरामचिन्हांच्या साऱ्या नियमांत हा नियम सर्वांत सूक्ष्म आहे आणि सर्वांत जास्त वेळा मोडला जातो. नामाच्या मागून ‘जो’ या अर्थाच्या सर्वनामाने सुरू होणारे उपवाक्य आले आणि त्याच्या आधी स्वल्पविराम नसला, तर ते उपवाक्य व्यावर्तक असते. म्हणजे त्या जातीतील काहींना वेगळे काढून तेवढ्यांविषयीच बोलते. स्वल्पविराम असला, तर ते केवळ स्वरूपबोधक. म्हणजे त्या जातीतील सर्वांना लागू. कर न भरणाऱ्या गावकऱ्यांवर जप्ती आली, असे म्हणण्यात कर भरणारे गावकरी सुटतात. गावकरी कर भरीत नसत आणि त्यांच्यावर जप्ती आली, असे म्हणण्यात एकही सुटत नाही. मराठीत आपण हा भेद वाक्याची ठेवणच बदलून दाखवितो, म्हणून आपल्याला तो चिन्हावर सोपवावा लागत नाही. इंग्रजीत तो एका स्वल्पविरामाच्या हाती आहे. तेव्हा पौलाच्या त्या वाक्यात स्वल्पविराम नसेल, तर ज्या यहुद्यांनी ते कृत्य केले त्यांच्याविषयी तो बोलतो. स्वल्पविराम असेल, तर अवघी यहुदी जात ही येशूची मारेकरी ठरते.

फ्रँक गिलियर्ड या अभ्यासकाने १९८९ साली या चिन्हावर एक निबंध लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच त्याला यहुदीद्वेष्टा स्वल्पविराम म्हटले. ग्रीक रचनेचा कस लावून त्याचे म्हणणे असे की, तेथील उपवाक्य व्यावर्तक समजणेच युक्त आहे आणि मुद्रितांतील स्वल्पविराम निराधार आहे. पौल स्वतः यहुदी, यहुदा प्रांतातील ज्या मंडळ्यांच्या छळाची तो आठवण देतो त्याही यहुद्यांच्याच, आणि येशूही यहुदी. तेव्हा सरसकट जातीवर आरोप करण्याचा हेतू त्याच्या ठिकाणी कल्पिणे मलाही कठीण वाटते. तथापि केवळ व्याकरणाने हा वाद मिटला, असे म्हणण्यास मी तयार नाही. त्याच उताऱ्यात पुढे अशी कठोर भाषा आहे की, काही विद्वानांना तो भाग मागाहून घुसडलेला वाटतो. माझा मुद्दा निराळा आहे. येशूच्या मृत्यूचा दोष अखिल यहुद्यांच्या माथी मारण्याची वहिवाट युरोपात शतकानुशतके चालली. मध्ययुगातील कत्तली आणि हद्दपारीची फर्माने यांच्या मागे ती होती. एका चिन्हाने हे घडविले असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. द्वेषाला कारणे पुष्कळ असतात आणि तो व्याकरण शिकून येत नाही. पण ज्या मनात तो आधीच होता, त्या मनाला हे पान वाचताना कोठे अडखळावे लागले नाही, एवढी कामगिरी त्या चिन्हाने निश्चित बजावली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की, येशूच्या दुःखभोगात जे घडले त्याचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट, किंवा आजच्या यहुद्यांवर, ठेवता येणार नाही. तर्काच्या भाषेत बोलावयाचे तर परिषदेने त्या दिवशी स्वरूपबोधक विशेषणाला व्यावर्तक ठरविले. मुद्रितांतील स्वल्पविराम मात्र बहुतेक ठिकाणी जागच्या जागी राहिला.

हे सर्व ऐकून व्यवहारी माणूस म्हणेल की, चिन्हे एवढी बेभरवशाची असतील तर त्यांना जमेतच धरू नये. कायद्याने हा मार्ग चोखाळून पाहिला आहे. बर्दवानच्या महाराणीच्या अपिलात प्रिव्ही कौन्सिलने १८८० च्या दशकात असा अभिप्राय दिला की, कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हांवर विसंबणे ही चूक होय. आणि पुढे १९५२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा मुद्दा आला, तेव्हाही विरामचिन्ह हे अर्थनिर्णयातील गौण साधन मानले गेले, मजकुराचा अर्थ स्पष्ट असेल तर त्यावर त्याची सत्ता चालू द्यावयाची नाही. हा कौल शहाणपणाचा आहे, पण धर्मग्रंथाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. कायद्याचा मसुदा करणारे सरकार हयात असते. कलम संदिग्ध वाटले तर दुरुस्ती करता येते, आणि तोवर न्यायाधीश बसलेलाच असतो. पौलाकडे दुरुस्तीची तजवीज मागावयास कोणी जाऊ शकत नाही. शिवाय न्यायाधीश चिन्हे सोडून देतो म्हणजे काय करतो? मनातल्या मनात ती पुन्हा घालतोच. कारण पदांची नाती जुळविल्याखेरीज वाक्य समजतच नाही. चिन्हावाचून लिहिता येते, चिन्हावाचून वाचता येत नाही.

आपल्या परंपरेत हे काम चिन्हांनी होत नसे, पण होत असे. शाकल्याने ऋग्वेदाचा पदपाठ केला, तो संहितेतील पदे सुटी करून दाखविण्यासाठी, आणि त्या पदपाठाला त्याचे नाव लागले. उपनिषदात उद्दालकाने श्वेतकेतूला केलेल्या उपदेशातील महावाक्याच्या आधी जो शब्द आहे त्याच्याशी झालेला संधी मध्वाचार्यांनी निराळ्या रीतीने सोडविला, आणि जेथे अद्वैतवादी ऐक्य वाचतात तेथे त्यांनी भेद वाचला; बोलण्यात दोन्ही वाचनांचा ध्वनी एकच. हा विच्छेद मान्य न करणारे पुष्कळ आहेत, परंतु तो कोणी केला आणि कोणत्या सिद्धान्तासाठी केला, याविषयी कोणालाही संशय नाही. भाष्यावर भाष्यकाराची सही आहे. मराठेशाहीच्या दफ्तरांतील मोडी पत्रे पाहावीत: आडवी रेघ ओढून तिच्याखाली अखंड मजकूर, शब्दांत अंतर नाही, विरामाचे नाव नाही. तरी पत्र संपले कोठे, याचा घोळ होत नसे, कारण अखेरीस मोर्तब होई. शिवाजीमहाराजांच्या पत्रांच्या शेवटी मर्यादेयं विराजते ही जी लहान मुद्रा उमटविलेली असते, ती एका अर्थाने पूर्णविरामच. फरक इतकाच की, तो पूर्णविराम कोणाच्या हुकमाने पडला हे पाहणाऱ्याला कळे, आणि त्याच्या पुढे कोणी दोन शब्द वाढविले तर ते बनावट ठरत.

आज मराठीत आपण जी चिन्हे वापरतो ती इंग्रजीवरून आली, आणि ती रूढ करण्याचे श्रेय मेजर कँडी यांना देण्यात येते. त्यांचा स्वीकार करण्यात आपले काही चुकले असे मला वाटत नाही. लांब गद्य वाक्ये लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना तर त्यांच्यावाचून गत्यंतर नाही. परंतु छपाईबरोबर ही चिन्हे आपल्या जुन्या ग्रंथांतही शिरली. ज्या ओव्यांत आणि अभंगांत हस्तलिखितांत दंडापलीकडे काही नव्हते, त्यांच्या मुद्रित आवृत्त्यांत स्वल्पविराम, प्रश्नचिन्हे, उद्गारचिन्हे दिसू लागली; आणि देवाला उद्देशून संताने म्हटलेले वाक्य विनवणीचे की विचारणेचे, हे कोणा अनाम संपादकाने ठरवून टाकले. तो संपादक विद्वान असेल, त्याचा निर्णय बरोबरही असेल. पण वाचक त्याला संताचा निर्णय समजतो, आणि पुढे प्रवचनकार त्यावर तासभर बोलतो.

या बाबतीत इंग्रजांकडून आपण चिन्हे घेतली, तशी इंग्रजी बायबलच्या संपादकांची एक चांगली सवयही घ्यावयास हवी होती. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायातील पाचव्या वचनात पूर्णविराम दिला तर ख्रिस्ताचा उल्लेख तेथेच संपतो आणि पुढे देवाची स्तुती सुरू होते. स्वल्पविराम दिला तर ख्रिस्तालाच सर्वांवरील देव म्हटल्यासारखे होते. सुधारित प्रमाण आवृत्तीच्या संपादकांनी पूर्णविराम दिला, आणि दुसरे वाचन त्याच पानाच्या तळटीपेत छापले. आपले जुने ग्रंथ छापणाऱ्या संस्थांना आणि संपादकांना माझी एवढीच विनंती आहे की, पुढील आवृत्तीच्या प्रस्तावनेत, हस्तलिखितात कोणती चिन्हे होती, मुद्रितातील चिन्हे कोणी घातली आणि कोणत्या ठिकाणी विराम हलविल्यास अर्थ बदलतो, याची नोंद द्यावी. आणि जेथे सिद्धान्तच बदलत असेल, तेथे दुसरे वाचन पानाच्या तळाशी छापावे.